बांध, विहीर, वाटणी: मध्यस्थी नेमकी कशी करायची

गावात दोन भावांचा तंटा मिटवायला बसलेला माणूस बहुतेक वेळा अर्ध्या तासात निकाल देऊन मोकळा होतो. "तू दोन फूट सोड, तू त्याला वाट दे, चहा घ्या आणि घरी जा." समोर चार मोठी माणसं बसलेली असतात, म्हणून दोघं मान डोलावतात. पुढच्या नांगरणीला वाद पुन्हा उभा राहतो. हा निवाडा झाला, मध्यस्थी नव्हे. न्यायाधीश हुकूमनामा देतो, लवाद निवाडा देतो. मध्यस्थाला यातलं काहीच देता येत नाही. तो बोलणं घडवतो आणि काय ठरवायचं ते ज्यांचा वाद आहे त्यांच्याच हातात ठेवतो. हे एकदा अंगवळणी पडलं की बाकीचं कौशल्य शिकता येतं. हे अंगवळणी पडलं नाही, तर कितीही प्रशिक्षणं घेतली तरी माणूस पंचच राहतो.

हे टिपण शेतजमीन आणि घरच्या वाटणीच्या वादांपुरतं आहे. महाराष्ट्रात मध्यस्थीची सर्वात जास्त गरज इथेच पडते आणि सर्वात जास्त चुकाही इथेच होतात.

कोणता वाद घ्यायचा, कोणता नाही

बांध कोरणं, सामाईक विहिरीचं पाणी, वहिवाटीचा रस्ता, भावाभावांची वाटणी, घराची सामाईक भिंत, उसनवारी, भाडेकरू, नवराबायकोचा पोटगीचा आणि मुलांच्या ताब्याचा प्रश्न, व्यापारातली थकबाकी: हे सगळं मध्यस्थीत बसतं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. निकाल काहीही लागला तरी ही माणसं उद्या पुन्हा एकमेकांसमोर येणारच असतात.

बलात्कार, पॉक्सोखालचा गुन्हा, अॅट्रॉसिटी यांत मध्यस्थीला जागाच नाही. "गावातच मिटवू" असं कोणी म्हणालं तर तिथून उठायचं आणि पीडित व्यक्तीला पोलीस ठाण्यापर्यंत आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणापर्यंत पोचवायचं. घरात मारहाण चालू असेल, तर ती थांबून बाई सुरक्षित जागी असल्याशिवाय कुठलीही बैठक घ्यायची नाही. भीतीखाली दिलेला होकार हा होकार नसतो. किरकोळ फौजदारी तक्रार असेल तर तो गुन्हा आपसात मिटवण्याजोगा आहे का, हे आधी वकिलाला विचारावं. ही यादी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे.

आणखी एक रेषा कधीच ओलांडायची नाही. दंड ठोठावणं, माफी मागायला लावणं, "याच्याशी कोणी बोलायचं नाही" असं फर्मान काढणं ही जातपंचायतीची कामं आहेत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली तो गुन्हा ठरतो. मध्यस्थीच्या बैठकीत जातीचा, भावकीचा किंवा देवस्थानाचा धाक दाखवला जातोय असं दिसलं, तर बैठक तिथेच थांबवावी.

कायद्याचा आधार आणि प्रशिक्षण

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ सुधारित रूपात १ जुलै २००२ पासून लागू आहे. त्याखाली न्यायालय चालू दावा मध्यस्थीकडे पाठवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती नेमली आणि न्यायालयांशी जोडलेल्या मध्यस्थांसाठी ४० तासांचं मूलभूत प्रशिक्षण ठरलं. या चाळीस तासांत भाषणांपेक्षा भूमिका वठवण्याचे सराव महत्त्वाचे. एकदा वादी, एकदा प्रतिवादी आणि एकदा मध्यस्थ होऊन बसल्याशिवाय आपण किती पटकन सल्ला देऊ लागतो, हे कळतच नाही. प्रशिक्षणासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे चौकशी करायची. न्यायालयाच्या पॅनेलवर प्रामुख्याने अनुभवी वकील आणि सेवानिवृत्त न्यायाधीश असतात. वकील नसलेल्यांना विधी स्वयंसेवक म्हणून किंवा गावपातळीवरच्या सामुदायिक मध्यस्थीतून काम सुरू करता येतं.

मध्यस्थी कायदा, २०२३ ला १४ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ९ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची काही कलमं लागू झाली. सगळी कलमं एकदम लागू झाली नाहीत, म्हणून एखाद्या कलमावर विसंबण्याआधी ते लागू झालं आहे का हे प्राधिकरणात विचारून घ्यावं. या कायद्याने मध्यस्थीला पहिल्या हजेरीपासून १२० दिवस दिले आहेत आणि दोघांच्या संमतीने आणखी ६० दिवस वाढवता येतात. परिसरातल्या शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी त्यात सामुदायिक मध्यस्थी आहे. तिला दोन्ही बाजूंची आधी संमती लागते आणि तीन मध्यस्थांचं मंडळ बसतं. मात्र तिथे झालेला समेट न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही. ही गोष्ट लोकांना पहिल्याच दिवशी सांगायची, सह्या झाल्यावर नव्हे.

व्यापारी थकबाकीचा दावा तीन लाख रुपयांचा किंवा त्याहून मोठा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधीची मध्यस्थी सक्तीची आहे (व्यापारी न्यायालय कायदा, कलम १२अ). सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे पक्कं केलं. अशी मध्यस्थी न करता थेट दाखल केलेला दावा फेटाळला जातो, म्हणून छोट्या कारखानदारांना आणि अडत्यांना हे माहीत असलं पाहिजे.

बैठकीच्या आधीचं काम

बैठक फसते ती बहुतेकदा बैठकीच्या आधीच. दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटून तीन गोष्टी पक्क्या करायच्या: कागद, माणसं आणि जागा.

कागदांत चालू सातबारा, आठ-अ, सगळे संबंधित फेरफार, गाव नकाशा आणि मोजणी झाली असेल तर तिच्या नकाशाची 'क' प्रत. सातबाऱ्यावर दोन ठिकाणी नजर टाकल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिलं म्हणजे भोगवटादाराचा वर्ग. वर्ग २ ची जमीन असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही, मग कितीही गोड तडजोड झाली तरी नोंद अडकते. दुसरं म्हणजे 'इतर हक्क'. तिथे सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव किंवा बहिणींची नावं सापडतात.

बहिणींचा विषय तर स्वतंत्रपणे बोलण्यासारखा आहे. भावाभावांत समेट घडवायचा आणि बहिणींना नंतर "सहीला" बोलवायचं, ही वाटणीच्या मध्यस्थीतली सर्वात मोठी आणि सर्वात नेहमीची चूक. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात नसले तरी तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे बहीण पहिल्या बैठकीपासून हवी. तिला हिस्सा सोडायचा असेल तर तो तिने तिच्या समजुतीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. तत्पूर्वी तिच्याशी भावांच्या गैरहजेरीत एकदा बोलायचंच. "माहेर तुटेल" या धास्तीने ती सही करतेय का, हे तिथेच कळतं. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे तिला सांगणं पक्षपात नाही, ती मध्यस्थाची जबाबदारी आहे.

अज्ञान मुलाचा हिस्सा गुंतला असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. अशी तडजोड गावात पूर्ण होऊ शकत नाही.

माणसांबद्दल एकच प्रश्न विचारायचा: "तुम्ही हो म्हणालात, तर घरी जाऊन कोणाला विचारावं लागेल?" पुण्याला नोकरी करणारा मुलगा किंवा घरातली कर्ती सून निर्णय घेत असेल, तर त्यांना प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर बसवायचं. नाहीतर चार तासांनी ठरलेलं एका फोनवर मोडतं.

जागा कोणाच्याही घरची नको, पुढाऱ्याच्या वाड्यावर तर मुळीच नको. ग्रामपंचायतीचा हॉल किंवा सुटीच्या दिवशी शाळेची खोली चालते, पण शेजारी दुसरी बंद खोली हवीच. स्वतंत्र बोलण्यासाठी ती लागते. सगळ्यांना सारख्याच उंचीचं बसायला द्यायचं. एकाला खुर्ची आणि एकाला सतरंजी दिली की एकही शब्द न बोलता पक्ष घेतला जातो.

वेळ निवडतानाही शेतीचं पंचांग पाहावं. बांधाचा वाद मृग तोंडावर आला की पेटतो, कारण तेव्हा नांगर बांधाला लागलेला असतो. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रानं मोकळी असतात, मोजणी करता येते आणि डोकीही थंड असतात. तेव्हा बसायचं. आणि दावा दाखल करायची मुदत संपत आली असेल, तर गावातल्या चर्चेने ती थांबते असं धरून चालू नये. पक्षकाराला आधी वकिलाकडे पाठवायचं. दावा दाखल करूनही मध्यस्थी होते.

शेवटचं, आणि टाळता न येणारं: तुमचा यातल्या कोणाशी सोयरसंबंध, उसनवारी, जमिनीचा शेजार किंवा राजकीय गट असेल तर तो दोघांसमोर आधीच उघड करायचा. एकाचीही हरकत आली तर बाजूला व्हायचं.

बैठकीचा दिवस

पहिली दहा-पंधरा मिनिटं मध्यस्थाची. आपण कोण, निकाल देणार नाही, वेळ साधारण किती लागेल आणि कोणीही कधीही उठून जाऊ शकतो, हे साध्या भाषेत सांगायचं. इथे बोललेलं बाहेर जात नाही, कोर्टात पुरावा म्हणून वापरायचं नाही, मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं नाही आणि मध्यस्थाला साक्षीला बोलवायचं नाही, हेही सांगायचं. मग नियम एकच: एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, आठवलेलं कागदावर टिपायचं. कागद-पेन प्रत्येकाच्या हातात आधीच द्यावं. हातात पेन असलेला माणूस कमी ओरडतो.

मग एकेकाला न तोडता बोलू द्यायचं. वीस मिनिटं लागली तरी चालतील. मध्यस्थ घड्याळाकडे बघतोय असं दिसलं की सांगणारा आक्रसतो आणि खरं दुखणं पोटातच राहतं.

ऐकलेलं परत सांगणं हे या कामातलं सर्वात जास्त वापरायचं हत्यार आहे. ते कसं चालतं ते पाहा. धाकटा भाऊ तात्या तावातावाने म्हणतो:

"दादा दहा वर्षं माझं पाणी चोरतोय. आईबापाच्या विहिरीवर एकट्याचा कब्जा करून बसलाय."

मध्यस्थ ते परत सांगतो: "तात्या, म्हणजे तुमच्या पिकाला ऐन गरजेच्या वेळी पाणी पोचत नाही. आणि विहीर आईवडिलांची असूनही तिथे तुम्हाला परक्यासारखं वाटतं. असंच ना?"

"असंच. पेटीची किल्लीसुद्धा मला मागावी लागते."

इथे तीन गोष्टी घडल्या. 'चोर' हा शब्द गळला आणि कोणी खोटं पडलं नाही. पाण्यामागचं दुखणं, म्हणजे मान, वर आलं. आणि किल्लीचा तपशील मिळाला. हा वाद पुढे जेव्हा मिटेल तेव्हा स्टार्टरच्या पेटीला दोन किल्ल्या असतील. असे तपशील कुठल्याही दाव्याच्या कागदांत सापडत नाहीत. परत सांगताना आपलं मत घुसडायचं नाही. "दादांचंही काही चुकलं असेल" एवढं म्हटलं तरी थोरला उठून जाईल.

दोघांचं सांगून झालं की मुद्द्यांची यादी मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावायची. शब्द तटस्थ हवेत: 'पाण्याची पाळी', 'मोटारीची दुरुस्ती', 'विहिरीकडे जायची वाट', 'आईचा सांभाळ'. सुटायला सर्वात सोपा मुद्दा आधी घ्यायचा. सकाळी मोटारीच्या दुरुस्तीवर एकमत झालेले भाऊ दुपारी वाटेबद्दल वेगळ्या सुरात बोलतात.

खोलीतलं स्वतंत्र बोलणं

एकत्र बोलणं जेव्हा एकाच जागी फिरू लागतं, तेव्हा एकेकाला शेजारच्या खोलीत घ्यायचं. वेळ दोघांना जवळपास सारखा द्यायचा. एकाला पन्नास मिनिटं आणि दुसऱ्याला दहा दिली तर बाहेर बसलेल्याच्या मनात संशय पक्का होतो. एकाशी बोलणं लांबलंच, तर मध्येच बाहेर येऊन "अजून वीस मिनिटं लागतील" असं सांगून जावं.

आत नेल्यावर पहिलं वाक्य: "इथलं मी तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे सांगणार नाही." आणि उठताना शेवटचा प्रश्न: "यातलं काय सांगू, काय ठेवू?" वहीच्या पानाच्या मध्ये रेघ मारायची; डावीकडे सांगण्याजोगं, उजवीकडे न सांगण्याजोगं. घोटाळा इथेच होतो. दिवसभरात चार वेळा आतबाहेर झाल्यावर डोक्यातली सरमिसळ तोंडातून निघते, आणि एकदा गुपित फुटलं की तो मध्यस्थ त्या गावातून कायमचा संपतो. काम संपलं की ही पानं फाडून टाकायची.

स्वतंत्र खोलीतच वास्तवाचा हिशेब करून घ्यायचा असतो. तो मध्यस्थाने सांगायचा नाही, पक्षकाराकडून मांडून घ्यायचा. बांधाचा वाद घ्या. बांधाची लांबी ६०० फूट, भांडण २ फुटांचं. गुणाकार त्यांनाच करू द्या: १,२०० चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १,०८९ चौरस फूट. म्हणजे भांडण एका गुंठ्याहून किंचित जास्त जागेचं आहे. मग विचारायचं: "या एवढ्या जागेत वर्षाला किती पिकतं? तारखेला तालुक्याला गेलात की त्या दिवशी गाडीभाडं, वकील आणि बुडालेली मजुरी मिळून किती जातात? वर्षात तारखा किती पडल्या?" आकडे त्याच्या अक्षरात त्याच्या कागदावर उतरले की बराच वेळ शांतता पसरते. ती शांतता भरून काढू नका. तिथे मध्यस्थ बोलला की हिशेब मध्यस्थाचा होतो.

कधी कधी हिशेब मांडूनही माणूस म्हणतो, "पैसा गेला तरी चालेल, पण बांध सोडणार नाही." मग पैशाच्या मागे लागणं सोडून द्यावं. तिथे बांधापेक्षा वेगळं काही दुखतंय, बहुतेक वेळा कोणीतरी कधीतरी चारचौघांत केलेला अपमान. तो शोधायचा.

हद्दीबद्दल दोघांच्या मनात दोन वेगळे नकाशे असतील, तर बोलण्यात वेळ घालवू नये. भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा संयुक्त अर्ज करायचा, फी निम्मी-निम्मी भरायची आणि भूकरमापक जी खूण दाखवेल ती दोघांनी मान्य करायची असं आधी लिहून घ्यायचं. संयुक्त अर्ज महत्त्वाचा. एकट्याने मागवलेली मोजणी दुसऱ्याला कधीच खरी वाटत नाही.

अडलं तर

अडण्याची कारणं बहुधा चारच असतात: निर्णय घेणारा माणूस खोलीत नाही, माहिती अपुरी आहे, कोणीतरी बाहेरून काडी घालतोय, किंवा भावनेचं देणं बाकी आहे. पहिल्या दोहोंवर उपाय म्हणजे बैठक पुढे ढकलणं. तिसऱ्यासाठी त्या काडी घालणाऱ्यालाच पुढच्या बैठकीत बोलवून "तुमच्या मते काय व्हावं?" असं विचारावं, दोघांसमोर उघड बोलायची वेळ आली की सूर खाली येतो. चौथ्यासाठी माफीचा शब्द लागतो, पण तो मागून आणायचा नसतो. "दादा, त्या दिवशी काय झालं होतं, ते तुमच्या तोंडून तात्यांना ऐकायचंय असं दिसतं," एवढंच म्हणायचं.

दोन बैठकांच्या मध्ये यथास्थिती लेखी ठरवून घ्यावी: उभं पीक कोण काढेल, पाणी तोवर कसं चालेल, बांधाला नांगर लावायचा नाही. हे न लिहिल्यामुळे मधल्या आठवड्यात मारामारी होऊन गुन्हे दाखल होतात आणि सगळंच मुसळ केरात.

समेट लिहिताना

तडजोड मोडते ती मनाने कमी आणि शब्दांनी जास्त. "दोघांनी सामंजस्याने पाणी वापरावं" हे वाक्य लिहिणं म्हणजे पुढच्या भांडणाची तारीख ठरवणं. कोण, काय, कुठे, कधीपासून, किती आणि नाही केलं तर काय, याची उत्तरं प्रत्येक कलमात हवीत.

विहिरीच्या पाळीचं उदाहरण बारकाईने पाहू. सोपी वाटणारी पाळी म्हणजे एक आठवडा दादांचा, एक आठवडा तात्यांचा. पण शेतीच्या फीडरला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येत असेल, तर एका भावाला कायम दिवसाचं पाणी मिळतं आणि दुसऱ्याला वर्षभर रात्रीचं, थंडीचं, साप-विंचवाचं. कागदावर समान दिसणारी ही वाटणी तीन महिन्यांत मोडते. मग कोणी सुचवतं, विषम तारखा दादांच्या आणि सम तारखा तात्यांच्या. इथे ३१ तारीख आणि पुढची १ तारीख दोन्ही विषम, म्हणजे लागोपाठ दोन दिवस दादांचे. म्हणून तारखांवर जाऊ नये. कलम असं लिहावं:

"सामाईक विहिरीवरील मोटार एकाआड एक दिवस चालेल. अमुक तारखेला पहिली पाळी थोरले बंधू यांची राहील व तिथून क्रम अखंड चालेल. पाळी सकाळी ६ वाजता बदलेल. पाळीच्या दिवशी वीज अजिबात आली नाही तर ती पाळी दुसऱ्या दिवशी मिळेल व क्रम एक दिवस पुढे सरकेल. खरीप संपून रब्बी सुरू होताना आणि रब्बी संपताना क्रम उलटा होईल. मोटार जळाल्यास ८ दिवसांत दुरुस्त करायची, खर्च निम्मा-निम्मा. एकाने पूर्ण खर्च केल्यास दुसऱ्याने ३० दिवसांत निम्मी रक्कम द्यायची. स्टार्टरच्या पेटीची एकेक किल्ली दोघांकडे राहील."

क्रम उलटा करण्याचं कारण: एकाआड एक पाळीत चौदा दिवसांत एकाला दिवसाच्या विजेचे चार दिवस येतात, दुसऱ्याला तीन. हा फरक लहान आहे, पण तो मोजणारा भाऊ असतोच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल सरकारने एप्रिल २०२४ पासून माफ केलेलं असलं, तरी मीटर कोणाच्या नावावर आहे हे लिहून ठेवावं.

रस्त्याच्या कलमात "पूर्वीप्रमाणे वाट राहील" चालत नाही. रुंदी फुटांत, सुरुवात आणि शेवट कोणत्या गटाच्या कोणत्या बाजूला, ट्रॅक्टर-ट्रॉली चालेल की फक्त बैलगाडी, ऊसतोडीच्या हंगामात मालट्रक येईल का, पावसाळ्यात मुरूम कोण टाकणार, आणि वाट दिलेला माणूस फाटक लावू शकतो का, हे सगळं हवं. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडून त्यावरही सह्या घ्याव्यात.

लिहून झालं की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, प्रत्येक कलमानंतर थांबायचं. मग प्रत्येक पानावर सह्या. वाचता न येणाऱ्याचा डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि "वाचून दाखवले, समजले" अशी ओळ लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. साक्षीदार एका बाजूने आणलेले असतील, तर दुसऱ्या बाजूनेही ते मान्य केलेले असावेत. सही त्याच दिवशी घ्यायची की एक रात्र जाऊ द्यायची? थकलेल्या माणसाकडून रात्री दहा वाजता सही घेऊ नये. रात्रभर विचार करून मोडणारी तडजोड पुढे मोडलीच असती.

यानंतर कागदाला कायद्याचं बळ द्यायचं. दावा चालू असेल तर वकिलांमार्फत तडजोड पुरसिस (समेट झाल्याचं लेखी निवेदन) दाखल करून न्यायालयाचा हुकूमनामा घ्यायचा (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २३, नियम ३). दाव्यात नसलेली जमीन त्यात घातली असेल तर तेवढ्यासाठी नोंदणी लागते, हे विसरलं जातं. दावा नसेल तर दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसमोर ठेवता येतं. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर शेतजमिनीची वाटणी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून होते. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून जमीन इकडची तिकडे झाली असं समजणं ही घातक चूक आहे. त्याने सातबारा बदलत नाही आणि पुढच्या पिढीच्या हातात फक्त भांडण राहतं.

एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या ताब्यात, अशी गुंतागुंत किमान १२ वर्षांची असेल तर राज्य सरकारची सलोखा योजना पाहावी. जानेवारी २०२३ मध्ये ती सुरू झाली आणि अदलाबदलीच्या दस्ताला नाममात्र १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी ठेवली. योजना मुदतीची आहे, म्हणून अर्जाआधी तलाठ्याकडे मुदत विचारावी. ताब्याचा पंचनामाही तिथूनच होतो.

लोकांपर्यंत कसं पोचवायचं

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी ग्रामसभांनी समित्या नेमल्या. मोठी माणसं एकत्र बसून वाद मिटवू शकतात, हा विश्वास तिने गावांना दिला. जिथे समिती अजून जागी आहे तिथे नवी संस्था काढत बसू नका. तिच्यातल्या दोन-तीन शांत माणसांना, त्यांत निदान एक बाई, प्रशिक्षणाला पाठवा. मात्र मिटलेल्या तंट्यांचा आकडा हे यशाचं माप कधीच ठेवू नये. आकड्यासाठी घेतलेल्या सह्यांत दुबळ्याचा बळी जातो.

"मध्यस्थीचे फायदे" या विषयावरच्या भाषणाला लोक येत नाहीत. ज्या दिवशी तलाठी गावात बसतो, ज्या दिवशी सोसायटीचं कर्जवाटप असतं, त्या दिवशी बाहेर एक टेबल टाका आणि एकच पाटी लावा: "बांध, विहीर, वाटणीचा वाद आहे? बोलायला पैसे लागत नाहीत." न्यायालयाशी जोडलेली आणि विधी सेवा प्राधिकरणाची मध्यस्थी मोफत आहे, हे लोकांना खरंच माहीत नसतं. सर्वोच्च न्यायालयाची समिती आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण यांनी १ जुलै २०२५ पासून ९० दिवस 'राष्ट्रासाठी मध्यस्थी' मोहीम चालवली, तेव्हा प्रलंबित दावे निवडून मध्यस्थीकडे पाठवले गेले. आपला दावा पाठवा असा अर्ज पक्षकार एरवीही करू शकतो.

दुसऱ्या बाजूला पहिला निरोप कसा जातो, यावर अर्धं काम ठरतं. लेटरहेडवरचं पत्र नोटिशीसारखं वाटतं आणि माणूस थेट वकिलाकडे धावतो. फोन करा किंवा स्वतः जा. "तुमच्या भावाने तक्रार केली आहे" असं म्हणू नका. "तुमच्या भावाला तुमच्याशी बोलायचंय, पण एकट्याने जमत नाही म्हणतात. मला आधी तुमचं ऐकायचंय," असं म्हणा. नाही म्हणाले तर आग्रह न धरता नंबर ठेवून या. पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी, पुढची तारीख वाया गेल्यावर, फोन येतो.

वकिलांना विरोधक समजू नये. त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा, समेटाचा मसुदा त्यांच्याकडून तपासून घ्या, आणि पुरसिस दाखल करायचं काम त्यांच्याकडेच राहील हे स्पष्ट सांगा. ज्या मसुद्यावर दोन्ही वकिलांच्या सूचना आल्या आहेत, तो पुढे सहसा मोडत नाही.

समेटावर सही झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात आणि पहिलं पीक निघाल्यावर, असं दोनदा रानात जाऊन यायचं. मोटार चालू आहे का, किल्ली दोघांकडे आहे का, वाटेवर काटेरी फांदी आडवी पडलेली नाही ना, एवढंच बघायचं. एखादं कलम जाचत असेल तर दोघांच्या संमतीने पुरवणी कागद करून त्यावर तारीख घालून सह्या घ्यायच्या. हुकूमनामा झालेला असेल तर तो बदल वकिलांमार्फत न्यायालयासमोर ठेवायचा.